पिंप कोणाचं

टॉटनहॅम हॉटस्पर या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या स्टेडियममध्ये बिअरचा कारखाना आहे. बाहेरून पिंपं आणायची आणि नळाला जोडायची, असा मामला नाही. माल्ट शिजवण्यापासून बिअर तयार होईपर्यंतचं काम तिथंच, स्टँडच्या पोटात चालतं. एप्रिल २०१९मध्ये उत्तर लंडनमधलं हे नवं स्टेडियम सुरू झालं, तेव्हा बासष्ट हजार आसनांइतकंच कौतुक या छोट्या कारखान्याचं झालं. तो चालवायला घेतला होता बीव्हरटाउननं. लॉगन प्लँट या तरुणानं २०११मध्ये पूर्व लंडनमधल्या एका खाणावळीच्या स्वयंपाकघरात सुरू केलेली ही ब्रुअरी पुढे टॉटनहॅम हेलमध्ये स्थिरावली होती, स्टेडियमपासून चालत जाता येईल इतकी जवळ. पिढ्यान्‌पिढ्या त्याच रस्त्यानं सामन्याला जाणाऱ्यांना आपल्या वस्तीतली बिअर आपल्या मैदानात मिळणार होती.

पण यात एक मेख होती. बीव्हरटाउननं २०१८मध्येच आपला काही हिस्सा हायनेकेन या बलाढ्य डच बिअर कंपनीला विकला होता. इंग्लंडातल्या छोट्या ब्रुअरींना हे झोंबलं. काहींनी बीव्हरटाउनच्या बिअर महोत्सवातून अंग काढून घेतलं, काही दुकानांनी तिचे कॅन ठेवायचं बंद केलं. २०२२मध्ये हायनेकेननं उरलेला हिस्साही घेऊन टाकला. नाव तेच राहिलं. कॅनवरच्या रंगीत कवट्या त्याच, ‘नेक ऑइल’ ही हलकी बिअर तीच. मालक मात्र आता ॲम्स्टरडॅमला बसतो.

वेंगुर्ल्यातल्या आमच्या पडवीत यावरून जेवढी भांडणं झाली आहेत, तेवढी कुठल्या पेनल्टीवरूनही झाली नसतील.

शनिवारी इंग्लंडात दुपारी तीनला सुरू होणारे सामने आपल्याकडे साडेसातला लागतात, तिकडची घड्याळं मागे गेली की साडेआठला. हे तीनचे सामने खुद्द इंग्लंडात टीव्हीवर दाखवत नाहीत, मैदानावरची गर्दी कमी होऊ नये म्हणून. आम्हाला मात्र खळ्यातून चालत आलं की दिसतात. भाचा टॉटनहॅमचा कट्टर. मे २०२५मध्ये स्पेनमधल्या बिल्बाओत मँचेस्टर युनायटेडला हरवून त्यांनी युरोपा लीग जिंकली, तेव्हा रात्री अडीच वाजता त्यानं अख्ख्या वाडीला उठवलं होतं. त्याचे दोन मित्र येतात. शाळेच्या फुटबॉल संघाला वर्षानुवर्षं शिकवलेले मास्तर येतात. शेजारचे काका येतात, ज्यांनी उभा जन्म माडावर चढून माडी काढली. आणि मी असते. काजूचा छोटा कारखाना वडिलांनंतर मी चालवते, त्यामुळे शनिवारी मजुरीचा हिशोब मांडीवर घेऊनच सामना बघायचा, असं ठरून गेलं आहे.

भाचा गोव्यात एका लहानशा ब्रुअरीत कामाला आहे. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढून सातार्ड्यावरून घरी येतो. बीव्हरटाउनच्या बाजूनं तो बोलतो, आणि जाणून बोलतो.

“आते, बियर तीच आसा. कामाक मानसा तीच आसत. स्टेडियमातलो कारखानो तसोच चलता. मगे तुका त्रास कित्याचो?”

उत्तर मास्तरांनी दिलं. “सगळा तसाच आसा, तर नाव कित्याक रे ठेवल्यानी? हायनेकेन म्हणानच विकूची.”

मास्तरांच्या या प्रश्नानं माझा हात हिशोबावरच थांबला. मी काजूच्या धंद्यात आहे, हा प्रश्न मला लंडनचा वाटला नाही.

आमच्याकडे बी भाजली, फोडली, बोरम्यात गर सुकवला की सोलायला बायका बसतात. फोडताना टरफलाचा चीक हातावर उतरतो आणि कातडी जाळतो, म्हणून तेल चोळून बसावं लागतं. सोलताना बारीक सुरीनं लाल साल अशी काढायची की गर तुटता कामा नये, कारण अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात जमीन-अस्मानाचं अंतर. मग प्रतवारी: डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२०. एका पौंडात किती गर बसतात, त्यावरून हे आकडे. एवढं करून माल व्यापाऱ्याकडे गेला की आमचं नाव पुसलं जातं आणि पिशवीवर दुसऱ्याचं येतं. त्याच बाजारात उलटंही चालतं. आफ्रिकेतून बोटीनं आलेल्या बीचा गर ‘कोकणचा काजू’ म्हणून विकायला ठेवलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन मिळालं ते याचसाठी. जागेच्या नावाला किंमत येते ती त्या जागेवर राबलेल्या हातांमुळे. आणि ती किंमत पदरात पाडून घेणारा कोणी लांबचाच असतो, हे माझ्या धंद्यात मी रोज बघते. बीव्हरटाउनमध्ये हायनेकेननं कढया आणि टाक्या विकत घेतल्या असतील, पण जास्तीचे पैसे मोजले ते टॉटनहॅमच्या पत्त्यासाठी.

यावर भाचा गप्प बसणारा नव्हताच. “बरा. तर मगे लोकल म्हंजे काय, ता सांग,” म्हणाला.

प्रश्न रास्त होता. ब्रुअरीतली बिअर कशापासून होते ते त्याच्याइतकं आमच्यात कोणालाच माहीत नाही. मी त्याच्याकडे गेले होते तेव्हा त्यानं सगळं हिंडून दाखवलं होतं. बार्लीला मोड आणून वाळवलं की माल्ट. ते भरडून पासष्ट अंशांच्या आसपासच्या पाण्यात तासभर ठेवायचं, म्हणजे पिठाची साखर होते. गाळलेला गोड रस हॉप्स, म्हणजे एका वेलाची कडवट, वासाची फुलं, घालून तासभर उकळायचा, झटकन गार करायचा आणि यीस्ट सोडायचं. पुढचं काम यीस्टचं. गोव्याच्या हवेत टाकी आपोआप अठरा-वीस अंशांवर राहत नाही, म्हणून तिच्या दुहेरी भिंतीतून गार केलेलं ग्लायकॉल, म्हणजे सहज न गोठणारं द्रव, सतत फिरवावं लागतं. विजेचं बिल त्यातच वाढतं. आणि दिवसाचा मोठा भाग जातो धुण्यात. टाक्या, नळ्या, पिंपं, फरशी. भाच्याच्या हातांना माझ्याकडच्या बायकांसारखाच कोरडेपणा आला आहे, त्यांचा चिकानं, याचा धुण्याच्या कॉस्टिक सोड्यानं.

त्यानं टाकीच्या नळातून अर्धा पेला भरून दिला. गाळलेली नव्हती, थोडी गढूळ. नाकाशी नेली तर ताज्या सोललेल्या पपनसाच्या सालीसारखा वास. पेल्यात पपनस नव्हतंच, तो वास हॉप्सचा होता. भाचा म्हणाला, आते, हा वास फार टिकत नाही. पिंप उन्हात राहिलं, ट्रकमधून लांब गेलं, गोदामात महिने काढले, की उडाला. कारखाना पिणाऱ्याच्या जवळ हवा, त्याचं हे खरं कारण. मला ते पटलं आणि आजही पटतं.

पण माल्ट कुठला? राजस्थान-हरियाणाकडचा. हॉप्स? अमेरिकेचे, जर्मनीचे. कोकणात बार्ली पिकत नाही, हॉप्सचा वेल जगत नाही. इथं आपलं म्हणावं तर पाणी आणि मेहनत. टॉटनहॅमचं तरी काय वेगळं? अमेरिकन हॉप्सच्या वासाची बिअर करूनच बीव्हरटाउन नावारूपाला आली. आणि ज्या आयपीएवर हे सगळे जीव टाकतात, ती इंडिया पेल एल मुळात इकडे येणारी होती. लंडनहून आणि पुढे बर्टन या इंग्लिश गावाहून, हॉप्स जास्त घातलेली बिअर पिंपांत भरून मुंबई-कोलकात्याच्या गोऱ्या साहेबांसाठी जहाजावर चढायची. जहाजं आपल्याच समुद्रातून जायची. त्या बर्टनच्या फुटबॉल क्लबला, बर्टन अल्बियनला, आजही लोक ‘ब्रूअर्स’ म्हणतात.

तेव्हा स्थानिक म्हणजे तिथल्या मातीतून उगवलेलं, ही व्याख्या बिअरला लागू पडत नाही. तिथल्याच माणसानं केलेलं, हीही पुरत नाही, कारण हायनेकेनच्या पगारावर तीच माणसं काम करतात.

त्या शनिवारी काका पहिल्यांदा बोलले. त्यांना टॉटनहॅम आणि आर्सेनलमधला फरक जर्सीच्या रंगावरून कळतो, तेवढाच. ते म्हणाले, “माजो गिरायक माडाच्या मुळाक उभो रवता. माडी आंबट झाली, तर थयच माज्या त्वांडार सांगता.”

माडी कशी काढतात ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. माडाची न उमललेली पोय, म्हणजे फुलोरा, दोरीनं करकचून बांधतात, तिला हलक्या हातानं ठोकत राहतात आणि टोक रोज पातळ कापतात. कापलेल्या टोकाला मडकं. थेंब थेंब रस रात्रभर गळतो. पहाटे उतरवलेला गोड असतो. ऊन चढेल तसा तो आंबतो, कारण यीस्ट हवेतलं आणि मडक्यातलंच, कोणी सोडावं लागत नाही. दुपारची माडी आणि सकाळची माडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संध्याकाळपर्यंत ठेवून विकायची सोयच नाही. जो काढतो तोच उतरवतो, तोच ओततो, आणि पिणारा समोर उभा. काकांना कित्येकदा बोलणी बसली आहेत, पैसे परत द्यावे लागले आहेत. ते त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. धंदा असाच असतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

काकांच्या त्या वाक्यानं मला माझं उत्तर सापडलं. ज्याला वाटेत गाठून जाब विचारता येतो, तो स्थानिक. बिअर बिघडली, महाग झाली, पाणचट लागली, तर सामन्याला जाणारा माणूस ज्याच्या दारात उभा राहू शकतो, त्याचं पिंप मैदानात असावं.

मास्तरांना हे ऐकून जुन्या गोष्टी आठवल्या, आणि मास्तर गोष्टी सांगायला लागले की सामन्याचा आवाज बारीक होतो. ॲनफील्ड हे मैदान आज लिव्हरपूलचं म्हणून जग ओळखतं, पण १८८४पासून तिथं एव्हर्टन हा क्लब खेळत होता. जागेचा कारभार जॉन हॉल्डिंगच्या हातात, आणि हॉल्डिंगचा धंदा बिअरचा. सामन्याच्या दिवशी होणाऱ्या विक्रीचा फायदा त्यालाच. त्यानं भाडं वाढवलं, जागेच्या विक्रीवरून बिनसलं, आणि १८९२मध्ये एव्हर्टनच्या मंडळींनी सामान उचलून उद्यानापलीकडे गुडिसन पार्क उभारलं. हॉल्डिंगकडे मैदान उरलं, संघ नव्हता. म्हणून त्यानं नवा संघ काढला, त्याचं नाव लिव्हरपूल. दहा वर्षांनी, १९०२मध्ये, कर्जात बुडालेल्या न्यूटन हीथ या क्लबला जॉन हेन्री डेव्हिस यानं वाचवलं. हाही बिअरवालाच. क्लबच्या कप्तानाचा हरवलेला कुत्रा त्याला सापडला आणि त्यातून ओळख झाली, असं सांगतात. क्लबचं नाव मँचेस्टर युनायटेड झालं, आणि लाल रंग आला.

हॉल्डिंग काही संत नव्हता. स्थानिक माणूस चांगलाच असतो असं मी म्हणत नाही. आमच्या तालुक्यातही भाडं वाढवणारे, वजनात मारणारे सगळे स्थानिकच आहेत. पण हॉल्डिंग त्या शहरातला होता, पुढे तिथला लॉर्ड मेयर झाला. एव्हर्टनच्या सभासदांनी सभा घेतली, त्याच्या तोंडावर नाही म्हटलं आणि चालू लागले. भांडायला समोर माणूस होता. भारतात १९९८मध्ये मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन्ही क्लबांत युनायटेड ब्रुअरीज गटानं निम्मा हिस्सा घेतला. एकाच्या नावापुढे मॅकडॉवेल लागलं, दुसऱ्याच्या नावापुढे किंगफिशर. ज्या दोन संघांवरून कोलकात्यात घरं दुभंगतात, त्या दोघांच्या जर्सीवर एकाच मालकाची दारू आली. त्या प्रेक्षकांनी कोणाच्या दारात जायचं?

प्रेक्षकाला कोणी विचारतच नाही, हे वर्ल्डकपमध्ये तर उघडच दिसलं. ब्राझीलमध्ये २००३पासून स्टेडियममध्ये दारूबंदी होती. २०१४च्या स्पर्धेसाठी फिफानं अडून बसून कायदा बदलायला लावला. कतारमध्ये २०२२ला उलटं घडलं. स्पर्धेला दोन दिवस उरले असताना स्टेडियमच्या आवारातली बिअरविक्री बंद झाल्याचं फिफानं जाहीर केलं. दोन्ही निर्णयांची बाजू मांडता येईल, कतारच्या निर्णयाची तर मला जास्तच पटते. पण दोन्ही वेळा तिकीट काढून आलेल्या माणसाला गृहीत धरलं गेलं.

भाच्याचा एक मुद्दा मात्र मी मान्य केला आणि इथंही करते. इंग्लंडात १९८५च्या कायद्यानं, फुटबॉलचा सामना चालू असताना मैदान दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही. पेला घेऊन खुर्चीवर जायचं नाही. त्याच स्टेडियममध्ये अमेरिकन फुटबॉलचा सामना असला तर चालतं, कारण कायदा फक्त फुटबॉलपुरता. परिणाम असा की हजारो माणसं मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत बारवर तुटून पडतात. टॉटनहॅमनं त्यासाठी बुडातून भरणारे पेले आणले. पेल्याच्या तळाला भोक, त्यावर चुंबकाची चकती. नळावर दाबला की खालून बिअर वर चढते, उचलला की चकती भोकावर बसते. भरणाऱ्याला पेला हातात धरून उभं राहावं लागत नाही. ही यंत्रणा, त्यामागची शीतगृहं, पंधरा मिनिटांची ती झुंबड सांभाळायची ताकद स्वयंपाकघरात बिअर करणाऱ्याकडे नसते. “धा बाय धाच्या खोलीतसून बासष्ट हजारांका कोण पुरो पडतलो?” भाचा विचारतो. बरोबर आहे. भांडवल लागतं.

पण भांडवलासाठी मालकीच द्यावी लागते, हे मला मान्य नाही. जर्मनीत गेल्सेनकिर्शनला शाल्केचं स्टेडियम आहे, तिथं बिअर नेणाऱ्या नळ्याच पाच किलोमीटर आहेत. बिअर फेल्टिन्सची, स्टेडियमला नावही तिचंच. ही ब्रुअरी मोठी आहे, पण एका कुटुंबाची आहे आणि तिथून फार लांब नसलेल्या डोंगराळ भागातली आहे. शिवाय जर्मनीत क्लबच्या मताधिकारातला बहुमताचा वाटा सभासदांकडे ठेवायचा नियम आहे, म्हणून सभासद सभेत उठून विचारू शकतो. इंग्लंडातही एएफसी विम्बल्डनसारखा क्लब आहे. २००२मध्ये जुना क्लब दुसऱ्या शहरात हलवायचं ठरलं, तेव्हा प्रेक्षकांनी स्वतः काढलेला, अजून त्यांच्याच मालकीचा. माझं टॉटनहॅमच्या लोकांना सांगणं एवढंच असतं की हायनेकेनचे नळ राहू देत, पण टॉटनहॅममध्ये आज जी कोणी नवी लहान ब्रुअरी असेल, तिच्यासाठी एक काउंटर राखून ठेवायला क्लबला भाग पाडा. माझं तिथं कोण ऐकणार, हा प्रश्न वेगळा. आमच्या मैदानावर मात्र माझं ऐकावं लागलं.

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की आमच्याकडे फुटबॉलची स्पर्धा होते. कोकण क्रिकेटचं आणि कबड्डीचं, पण गोव्याला खेटून असल्यानं आमच्या पट्ट्यात चेंडू पायानं खेळणारेही पुष्कळ. संध्याकाळी चारनंतर सामने, कडेला भजी, उसळपाव आणि बचत गटाच्या बायकांचं कोकम सरबताचं टेबल. रातांबे त्याच महिन्यात पिकतात. साली साखरेत मुरवून, बरणी उन्हात ठेवून केलेला रस, त्यात जिरं, मीठ, माठातलं पाणी. उन्हातून धावून आलेल्या पोराला यापेक्षा चांगलं दुसरं काही देता येत नाही.

एका वर्षी एका मोठ्या शीतपेय कंपनीचा माणूस आला. सगळ्या संघांना जर्सी, मैदानाभोवती बॅनर, एक फ्रीज, शिवाय रोख बक्षीस. अट एकच, मैदानावर दुसरं कुठलंही पेय विकायचं नाही. देवळाच्या सभामंडपात समितीची बैठक झाली. जर्सीचा मोह सगळ्यांना होता आणि त्यात गैर काही नाही. फाटक्या बनियनवर खेळणारी पोरं आम्ही पाहिली आहेत. मी उठून विचारलं, सरबताच्या टेबलाचं काय? कोणी म्हणालं, बायकांना रस्त्याच्या पलीकडे बसवू. मी म्हटलं, रस्त्यापलीकडे बसवायला त्या उपऱ्या आहेत का? त्यांचीच पोरं आत खेळतात. मास्तरांनी कंपनीच्या माणसाला सरळ विचारलं, अट काढता का. तो म्हणाला, वर विचारून सांगतो. मास्तरांनी त्याला पुढे बरेच फोन केले. वरून कधीच काही आलं नाही, आणि वर कोण आहे हेही कळलं नाही.

जर्सी आम्ही वर्गणीतून केल्या. मुंबईच्या चाकरमान्यांनी मोठा वाटा उचलला, आम्ही काजूवाल्यांनी बाकीचा. सरबताचं टेबल गोलपोस्टच्या मागेच राहिलं. पहिल्या दिवशी सरबत फार गोड झालं होतं. सावंतवाडीच्या संघाचा गोलकीपर पेला घेऊन थेट टेबलाशी गेला आणि म्हणाला, “काकी, ह्या पियाल्यार पोटात ढवळता.” काकीनं त्याच्यासमोर पातेल्यात आगळ आणि पाणी ओतलं, चमच्यानं चाखून बघितलं, त्याला चाखायला दिलं. त्यानं मान डोलावल्यावर मगच बाकीच्यांचे पेले भरले गेले. दुसऱ्या दिवशीपासून साखर कमीच. मी तिथंच उभी होते. भाचाही होता. त्याला मी काही म्हटलं नाही, पण त्यानं बघितलं होतं.

आता भाच्याच्या डोक्यात वेगळंच घोळतंय. सिंधुदुर्गात स्वतःची लहान ब्रुअरी काढायची, कोकम घातलेली बिअर करायची. काजूच्या बोंडाचाही प्रयोग करायचा म्हणतो. सीमेपलीकडे बोंडाची फेणी होते, तिला २००९पासून भौगोलिक मानांकन आहे. आमच्या बागांत बी पिळून घेतली की बहुतेक बोंडं झाडाखालीच कुजतात आणि मार्च-एप्रिलमध्ये आख्ख्या डोंगराला आंबूस वास येतो. बीपेक्षा कितीतरी पट वजनाचं फळ आम्ही मातीत घालतो, याची मला वर्षानुवर्षं हळहळ वाटते. म्हणून मी त्याच्या पाठीशी आहे.

माझ्या अटी मी सांगून टाकल्या आहेत. आमच्या मैदानावर बिअर नाही. तिथं शाळेची पोरं खेळतात, महाराष्ट्रात बिअरला एकविसाची अट आहे, आणि सरबताचं टेबल मला हलवायचं नाही. भांडवल गावातून उभं करायचं, छोटे छोटे भाग, आणि कोणालाही हिस्सा विकायचा झाला तर आधी भागधारकांची सभा. बोंडं घेणार असेल तर भाव ठरवून, लेखी, बागवाल्याचं नाव बाटलीवर. भाच्याला या सगळ्या अटी मान्य आहेत, सभेची सोडून. त्याचं म्हणणं, सभेत निर्णय होत नाहीत, फक्त चहा होतो. यावर अजून आमचं एकमत नाही.

पण खरी अडचण पाण्याची आहे, आणि ती मास्तरांनी काढली. धुण्यासकट धरलं तर एक लिटर बिअरमागे चार-सहा लिटर पाणी सहज लागतं. मे महिन्यात आमच्या वाडीतल्या विहिरींचा तळ दिसतो, तेव्हा ब्रुअरीचा पंप चालू आणि शेजारणीची कळशी रिकामी, हे गावात एक दिवस चालणार नाही. भाचा पावसाच्या पाण्याची टाकी बांधायची म्हणतोय. मास्तरांनी त्याच्याकडे सगळं कागदावर मागितलं आहे: छपराचं क्षेत्रफळ, टाकी किती लिटरची, ऑक्टोबर ते जून किती महिने पुरणार, कमी पडलं तर काय. येत्या शनिवारी साडेसातच्या सामन्याआधी आकडे घेऊन ये, असं सांगितलंय. काकाही येणार आहेत. त्यांची विहीर भाच्याच्या जागेला लागूनच आहे.